आपल्या पुस्तकाविषयी आपण बोलावे का?

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा माणूस त्या यादीत फार वाट पाहायला न लावता भेटतो. मराठी घरात वाढलेल्यांच्या अंगात ही शिकवण इतकी मुरलेली असते की, पदरचे पैसे घालून पहिले पुस्तक काढणारा लेखक छपाई होईपर्यंत उत्साहात असतो आणि गठ्ठे घरी आले की गप्प होतो. ‘माझे पुस्तक घ्या’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? म्हटले तर आत्मस्तुती होते, न म्हटले तर गठ्ठे कॉटखाली जातात.

हा संकोच निव्वळ स्वभावाचा नाही, त्याच्यामागे धर्मविचारातला एक खराखुरा पेच आहे. कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये, असे गीतेपासून सगळे सांगत आले. मग आपल्याच कर्माचा गवगवा करणे त्यात कुठे बसते?

उत्तरासाठी दासबोधाच्याच एकोणिसाव्या दशकाकडे जावे. त्याचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे आणि तो वाचताना एखादा जाणता मुद्रक बोलतो आहे असे वाटते. अक्षर वाटोळे, मोकळे, काळेभोर असावे. पहिल्या अक्षराचे वळण शेवटच्या अक्षरापर्यंत टिकावे. मजकुराभोवती चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. बरू कोणते, शाई कशी, ग्रंथाची बांधणी कशी, याचीही चिंता समर्थांनी वाहिली आहे. आणि हे सगळे अशासाठी की, ग्रंथ पाहून लोकांनी म्हणावे, हा लिहिणारा एकदा पाहिला पाहिजे.

आत्मस्तुतीला मूर्खपणा म्हणणारा आणि ग्रंथ लोकांच्या नजरेत भरावा म्हणून झटायला सांगणारा संत एकच आहे. दासबोधाच्या नकला शिष्यांनी उतरवून घेतल्या, त्या मठामठांतून गेल्या. ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत लेखनाचे कर्म पुरे झाले असे त्या परंपरेने मानलेच नाही. प्रसार हा कर्माचाच उरलेला भाग आहे. वाचणाऱ्याला पुस्तक आवडते का, त्यातून नाव होते का, हे फळ. संकोच धरायचा तो फळाच्या बाबतीत. पुस्तक पोचवण्याच्या कामात धरलेला संकोच हा कामचुकारपणा ठरतो.

त्या समासातला उपदेश आजच्या स्वयंप्रकाशकाला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. चिकट बांधणीच्या पुस्तकात कण्याकडे पुरेशी कोरी जागा सोडली नाही, तर ओळीतली टोकाची अक्षरे घडीत जातात आणि वाचणाऱ्याला पुस्तक ताणून धरावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी सुटून भलतीकडे चिकटते, जोडाक्षरे मोडतात. पडद्यावर हे सहज नजरेस येत नाही. मुद्रिते कागदावर काढून, लेखकाखेरीज दुसऱ्या कोणी, मूळ प्रत शेजारी ठेवून वाचावीच लागतात. प्रकाशक असला की ‘हे प्रकरण काढा’ म्हणणारे कोणी तरी असते. तो नसला की लेखकाला तो माणूस शोधावा लागतो, आणि मुद्रितशोधनाला व संपादनाला पैसे मोजावे लागतात. मुखपृष्ठाआधी खर्च करायचा तो इथे.

प्रती किती काढाव्यात, हाही वैराग्याचाच प्रश्न आहे. ऑफसेटवर हजार प्रतींचा दर प्रतीमागे स्वस्त दिसतो, कारण प्लेटचा आणि जुळवणीचा खर्च सगळ्या प्रतींवर वाटला जातो. पण विकल्या न गेलेल्या प्रतीचा दर स्वस्त कसा म्हणायचा? पहिल्या पुस्तकाला डिजिटल छपाईच्या शंभर-दोनशे प्रती पुष्कळ होतात. मागणी आली की पुन्हा काढता येतात आणि राहिलेल्या चुकाही सुधारता येतात. किंमत ठरवताना विक्रेत्याचे कमिशन आधी धरावे. ते चाळीस टक्क्यांच्या घरात, कधी त्याहूनही वर जाते.

आता राहिला मागण्याचा प्रश्न. पुस्तकासाठी दार ठोठावणे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी १९५६ सालचा एक पत्रव्यवहार आठवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाच वर्षे खपून ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहून पुरा करत आणला होता. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये, म्हणजे झेपण्यापलीकडचा. १४ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विचारले, बुद्धाच्या २५०० व्या जयंतीनिमित्त सरकार सुमारे पाचशे प्रती विकत घेईल का? ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना त्या देता येतील. नेहरूंचे उत्तर आले, त्यासाठी राखलेली रक्कम संपली आहे, पुस्तक जयंतीच्या काळात दिल्लीत विक्रीला ठेवता येईल. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने काढला आणि आज तो लाखो घरांत आहे.

त्या पत्रात मागणे आहे, खर्चाचा आकडा आहे, प्रती कोणाकडे जाव्यात याचा नेमका विचार आहे. बाबासाहेबांसारख्याला हे मागताना कमीपणा वाटला नाही, कारण त्यांनी मागितले ते ग्रंथासाठी. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाने यातून घ्यायचे ते एवढेच की, पुस्तक कोणाच्या उपयोगाचे आहे हे आधी ठरवावे आणि मग त्यांच्याकडेच जावे. द्राक्षबागेतल्या रोगांवर लिहिणाऱ्याने बागाईतदारांच्या मेळाव्यात जावे. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या गावातून मुंबई-पुण्याला गेलेल्यांच्या मंडळाला कळवावे. सगळ्या ओळखीच्यांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा ज्यांना खरोखर लागेल अशा पन्नास जणांना नावानिशी चार ओळी लिहाव्यात आणि त्यांत विषयाबद्दल सांगावे.

मग काहीच न बोलणारे थोर लेखक झाले नाहीत का? झाले. अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रातले नामांकित कलादिग्दर्शक होते, तरी मुलाखतींपासून ते शक्यतो दूर राहिले. पण ‘जेजुरी’ १९७६ साली आली ती ‘क्लिअरिंग हाउस’मधून, आणि ती संस्था कोलटकरांसह चार कवींनी एकत्र येऊन उभी केली होती. मुखपृष्ठांची रचना कोलटकरांची. मराठी कवितासंग्रह त्यांनी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’कडे दिले. ते स्वतःविषयी बोलले नाहीत, पुस्तकासाठी मात्र राबले. निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या ओव्या तर त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापल्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांकडे नेल्या नसत्या, तर त्या घरातच राहिल्या असत्या. मौनी कवीचे काम बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी करावे लागलेले असते.

नियमांचीही माहिती असावी. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला तो स्वतःच्या नावावर मागता येतो. तो विकत देणारा मध्यस्थ लागत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने, म्हणजे इथे लेखकानेच, ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात ठरवलेल्या अन्य ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पहिल्याच पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. छापायला देण्याआधी तिची चौकशी करावी.

सीमारेषा मात्र आहे आणि ती स्पष्ट आहे. पुस्तकात काय आहे हे सांगणे हे कर्तव्य. नातेवाइकांकडून अनोळखी वाचकांच्या नावाने अभिप्राय लिहून घेणे, शंभर-शंभर प्रती काढून ‘तिसरी आवृत्ती’ छापणे, यात वाचकाची फसवणूक आहे. फळासाठी इतकी घाई झाली की कर्मच बाटते. नोंदणी शुल्क भरले की सन्मानचिन्ह आणि शाल देणारे पुरस्कार आता गावोगाव निघाले आहेत, आणि नव्या लेखकाला त्यांची पत्रे पुस्तक छापून होताच येऊ लागतात. अशा पत्राला नम्र नकार कळवावा आणि ते शुल्क दुसऱ्या छपाईच्या मुद्रितशोधनाला राखून ठेवावे.