बाकी सगळं लिहून देतो

अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हाची, १७४० नंतरची गोष्ट. न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात जॉन वूलमन नावाचा विशीतला तरुण एका दुकानात कारकुनी करत होता. घरात गुलाम असणं ही तिथे रोजचीच बाब. एके दिवशी मालकाने सांगितलं, घरातली गुलाम बाई विकलीय, खरेदीखत लिहून दे, घेणारा थांबलाय. घेणारा वयस्कर होता आणि वूलमनच्याच, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातला होता. वूलमनच्या पोटात कालवलं. पण नोकरी वर्षाच्या बोलीची, आणि समोर वडीलधारा माणूस. त्याने खत लिहिलं. मात्र त्या दोघांच्या तोंडावर एवढं सांगितलं की माणसाला गुलाम करून ठेवणं आपल्या धर्मात बसत नाही, असं मला वाटतं. तेवढ्याने त्याचं मन पुरतं हलकं झालं नाही. ‘मला यातून वगळा’ असं तेव्हाच म्हणायला हवं होतं, ही बोच त्याने पुढे रोजनिशीत नोंदवून ठेवली. काही काळाने एक तरुण क्वेकर तसलंच खत करून घ्यायला आला, तेव्हा त्याने सौम्यपणे नकार दिला. गंमत अशी की त्या तरुणालाही ते मनापासून पटलेलं नव्हतंच. बायकोला भेट मिळालेली गुलाम म्हणून त्याने ठेवून घेतली होती, इतकंच.

पुढे वूलमनने दुकान काढलं, शिंपीकाम केलं, आणि गावातल्या लोकांची कागदपत्रंही तो लिहून देई. एकदा एका शेजाऱ्याला जबर मार लागला. शीर उघडून रक्त काढायचं, हा त्या काळचा उपचार. त्यासाठी त्याने वूलमनला बोलावलं आणि ते झाल्यावर म्हणाला, माझं मृत्युपत्रही लिहून दे. घर कोणाला, सामान कोणाला, असं सांगता सांगता घरातली तरुण गुलाम मुलगी कोणत्या अपत्याला द्यायची तेही त्याने सांगितलं. वूलमनने सगळं टिपून घेतलं. माणूस वेदनेत होता, वाचेल की नाही सांगता येत नव्हतं. अशा वेळी कागद फेकून निघून जाणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने मृत्युपत्र लिहिलं, फक्त त्या मुलीबद्दलचा मजकूर सोडून. मग तो खाटेजवळ गेला, ते वाचून दाखवलं आणि आपलेपणाने म्हणाला की माणसाला गुलाम करणारा कागद माझ्या हातून होणार नाही, मनाला चैन पडणार नाही. जे लिहिलं त्याचे पैसे नकोत, तेवढा भाग मात्र माझ्याकडून नको. मग दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटी शेजारी मुलीला मोकळं करायला तयार झाला आणि वूलमनने मृत्युपत्र पुरं केलं. मला या प्रसंगात सर्वांत जास्त भावतं ते त्याचं खाटेजवळ जाऊन बसणं. रक्त त्यानेच काढलं होतं, बाकीचा कागदही त्यानेच लिहिला होता. त्यामुळे त्याचा नकार शेजाऱ्याला टोचला नसावा. आपलं भलं चिंतणाराच माणूस बोलतोय, हे त्याला दिसत होतं.

क्वेकरांच्या जुन्या रीतीच्या प्रार्थनासभेत पुरोहित नसतो, ठरलेली स्तोत्रं नसतात. सगळे शांत बसतात. कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठतो, थोडक्यात बोलतो, खाली बसतो. पुन्हा शांतता. लहानपणापासून ही सवय लागलेल्या माणसाच्या बोलण्यात आदळआपट कमीच असणार. १७५७ साली वूलमन दक्षिणेकडच्या वसाहतींत फिरला. गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्याच घरी त्याला मुक्काम करावा लागे. ज्यांना मजुरी मिळत नाही त्यांच्या कष्टांवर फुकट जेवायचं कसं? म्हणून तो चांदीची छोटी नाणी जवळ ठेवी. निघताना ती यजमानाकडे गुलामांसाठी देई, कधी स्वतःच त्यांच्या हातात ठेवी. यजमानाला अवघडायला होई, त्यालाही होई. तरी तो पुढच्या घरी जाई. १७५८ साली फिलाडेल्फियातल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने ठरवलं की गुलाम ठेवणाऱ्या सदस्यांना घरोघर भेटून समजवायचं. त्या भेटी देणाऱ्यांत वूलमनही होता. वूलमन १७७२ साली इंग्लंडमध्ये देवीच्या रोगाने गेला. चार वर्षांनी, १७७६ साली, त्या सभेने आपल्या सदस्यांना गुलाम ठेवायला पूर्ण बंदी केली. अशाच चिवट कामामुळे क्वेकरांची पुढे जगभर ओळख झाली. युद्धात होरपळलेल्यांना, मग ते शत्रुदेशातले का असेनात, मदत पोचवणाऱ्या त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन संस्थांना १९४७ साली शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात येऊन नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम करणाऱ्या मार्जोरी साइक्स याही क्वेकरच.

आपल्यासमोर खरेदीखत येत नाही. सोसायटीची नोटीस येते. कामाला येणाऱ्या मावशींनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी लिफ्ट वापरू नये, असं एक वाक्य तिच्यात असतं, आणि सेक्रेटरीकाका म्हणतात, ‘तुमचं टायपिंग चांगलं आहे, जरा करून द्या ना.’ काका वाईट नाहीत. गणपतीची वर्गणी तेच हिशोबाने सांभाळतात, कोणाकडे रात्री दुखणं निघालं तर गाडी काढतात. म्हणूनच बोलायचं जड जातं. आपण एक तर निमूट टाइप करून देतो, नाही तर ग्रुपवर चार जणांत त्यांना सुनावतो. तिसरी वाटही आहे. संध्याकाळी घरी जावं. चहा घ्यावा, गुडघा कसा आहे ते विचारावं. मग पाण्याच्या वेळा, पार्किंग, कचऱ्याचे डबे असं सगळं टाइप केलेला कागद पुढे ठेवून म्हणावं, ‘काका, हे बाकी करून आणलंय. मावशींचं ते वाक्य तेवढं माझ्याकडून नको. आठव्या मजल्यावर आपलीच भांडी घासायला जातात त्या, आणि गुडघे त्यांनाही आहेत.’ काका लगेच ऐकतीलच असं नाही. कदाचित दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घेतील. त्यावर अबोला धरू नये. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा जाता येतं, आणि त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूही बरोबर येतील का, हे आजच ऑफिसला निघताना त्यांना विचारता येतं.