एक मूठ बाजूला

जासई म्हटलं की उरण तालुक्यातल्या माणसाला आधी १९८४ सालचा जानेवारी आठवतो. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं हे गाव. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारीला या परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, तो या लढ्यामुळे. याच गावात रयत शिक्षण संस्थेची शाळा आहे. आज शाळेसमोरून जाताना ही संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची मूठभर धान्याची योजना आठवली, आणि सकाळचा एक लहानसा प्रसंग मनात टोचत राहिला.

माझी मराठी ई-पुस्तकं मी ‘कॅलिबर’ नावाच्या प्रोग्रामात लावून ठेवतो. कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६मध्ये अमेरिकेत शिकत असताना तो लिहायला घेतला. सोनीचं वाचनयंत्र त्याच्या लिनक्स संगणकाशी जुळत नव्हतं, म्हणून त्याने स्वतःपुरती सोय केली आणि मग ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. आज जगभर लोक हा प्रोग्राम वापरतात. तो विनामूल्य आहे. वरच्या पट्टीवर फक्त एक लहानसं हृदयाचं चिन्ह आहे, ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी म्हणून. इतकी वर्षं ते चिन्ह मी रोज पाहत आलो. आज सकाळीही पाहिलं, आणि बोट दुसरीकडे नेलं.

असं का होतं? ‘फुकट आहे’ हे ऐकलं की त्यामागे कुणाची तरी रात्र जागून गेली आहे, हे आपण विसरतो. ‘माझ्या शंभर रुपयांनी काय होणार?’ असंही वाटतं. आणि सगळेच असं म्हणाले की काय होतं, हे २०१४मध्ये जगाने पाहिलं. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’ या मुक्त प्रोग्रामात ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर चूक सापडली. बँका, दुकानं, सरकारी कामकाज यांचा केवढा भार त्यावर होता! आणि तो सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांना वर्षाकाठी देणगी मिळत होती जेमतेम दोन हजार डॉलर.

भाऊरावांनी १९१९मध्ये रयत संस्था सुरू केली, तेव्हा खेड्यातल्या माणसाकडे देण्यासारखा पैसा नव्हता. त्यांनी पैसा मागितला नाही, मूठ मागितली. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ वेगळी काढायची. त्या मुठी जमवून वसतिगृहातल्या मुलांची चूल पेटायची. या योजनेचं मोठेपण मला आज नीट उमगलं. एका मुठीने घरातलं कुणी उपाशी राहत नव्हतं. देणं रोजच्या कामाला जोडलेलं होतं, म्हणून ते विसरलं जात नव्हतं. आणि देणारी प्रत्येक बाई मनात म्हणू शकत होती, ही शाळा माझी आहे.

मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही हीच मूठ हवी. एक साधा हिशेब मांडू. दहा हजार जण एखादा प्रोग्राम वापरतात. शंभरातल्या एकाने महिन्याला पन्नास रुपये दिले तर पाच हजार जमतात. त्यात विजेचं बिल आणि थोडा किराणा भागेल. दहातल्या एकाने दिले तर तेच पन्नास हजार होतात आणि एक घर चालतं. मूठ तेवढीच राहिली, हात वाढले. पूर्वी इतकी लहान रक्कम पाठवायची म्हणजे खर्चच जास्त व्हायचा. आता यूपीआयने दहा रुपयेसुद्धा क्षणात पोचतात.

ज्याच्याकडे पैसा नाही त्याचीही मूठ आहे. कुठे बिघडलं ते नीट लिहून कळवणं, पडद्यावरच्या सूचना मराठीत आणणं, नव्याने शिकणाऱ्याला हात देणं. श्रमदान म्हणजे हेच.

आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, तुम्ही मागताना ओशाळू नका. गावकीची वर्गणी मागणारा मान खाली घालून दारात येत नाही. तो पावती देतो, आणि जत्रा झाली की जमाखर्च सगळ्यांसमोर ठेवतो. तुम्हीही महिन्याला काय खर्च येतो, किती जमलं, त्यातून काय केलं, हे उघडपणे सांगा. हिशेब समोर असला की देणाऱ्याचा हात आखडत नाही. जासईच्या लढ्याची थोरवी फार मोठी, तिची बरोबरी कशाशीही करू नये. पण आपल्या कष्टाचं मोल मागणं म्हणजे भीक नव्हे, एवढं तरी या गावाने आपल्याला शिकवलंच आहे.

घरी परतलो, संगणक उघडला. पुस्तकं जागच्या जागी होती, वरचं ते चिन्हही. या वेळी त्यावर बोट ठेवलं. रक्कम लहानच होती, पण दर महिन्याची लावली. आता पुस्तक उघडण्याआधी माझीही एक मूठ बाजूला निघेल.