रात्रपाळी

मुलुंडच्या एका घरात नातीच्या नोकरीवरून वाद पेटला होता. अंधेरीच्या एमआयडीसीतली आयटी कंपनी, पगार चांगला, पण ड्यूटी रात्री दहापासून. वडिलांनी विषय मिटवूनच टाकला, "मुलीच्या जातीला रात्रीची नोकरी नको. आपल्याकडे सातच्या आत घरात."

लसूण सोलत बसलेल्या आजीचा हात थांबला. "सात म्हणालास ना? मलाही साहेबांनी सातच सांगितलं होतं."

सत्तरच्या दशकात आजी आग्रा रोडवरच्या, म्हणजे आजच्या एलबीएस मार्गावरच्या, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा आजारी, घरात ओढाताण. रात्रपाळीला जादा भत्ता मिळे, म्हणून तिने ती मागितली. साहेबांनी 1948 चा कारखाने कायदा सांगितला : बाईने कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळेत काम करायचं. ही रीत जगभरची होती. 1919 साली वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेत स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करारच झाला होता. हेतू संरक्षणाचा. आजीबरोबर लागलेले पुरुष मात्र भत्ता घेत राहिले, पुढे सुपरवायझर झाले. ती पॅकिंगवरूनच निवृत्त झाली.

"आणि चाळीत पाणी कधी यायचं, आठवतं?" तिने मुलाला विचारलं. "पहाटे साडेतीनला. माझा पदर धरून तूही यायचास. गल्लीत एक दिवा नाही. दोन हंडे, एक कळशी, वर नळावरची भांडणं. त्याच्याही आधी रुळांच्या कडेला जाऊन यायचं, कारण उजाडल्यावर बाईला बसायची सोय नव्हती. त्या अंधारात कुणी म्हणालं का, बाईमाणसाने बाहेर पडू नये म्हणून? फुकटचं काम असलं की रात्र चालते रे. पगार मिळायला लागला की घराची अब्रू आठवते."

वडिलांना उत्तर सुचेना. त्यांची काळजी खोटी नव्हती. रात्रीच्या रस्त्यावर काय घडतं ते रोज पेपरात येतंच. पण काळजी असेल तर उजेड मागावा, गाडी मागावी, सोबत मागावी. पोरीला कोंडून काळजी मिटत नाही, फक्त तिचा पगार बुडतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कंपनीची गाडी सोडते का?"

"दारापर्यंत, बाबा. कायद्यानेच सोडावं लागतं."

नात खरं बोलत होती. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतही स्त्रीला काम करता येतं. तिच्या सुरक्षिततेची आणि ने-आणीची जबाबदारी मालकावर असते. त्यासाठी संमती लागते ती तिची. वडिलांची किंवा नवऱ्याची संमती त्या कायद्याने मागितलेली नाही.