मधे बोलू नका, म्हणे!

बसा खाली. आणि हसू आवरा. सरावाचा पुतळा मेला म्हणून हसताय. रोपलावणीत घोणस चावलेला माणूस त्या टेबलावर असता, तर दाराबाहेर त्याची बायको उभी असती.

काय झालं ते मीच सांगतो. सापाच्या विषावरची लस सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. पुतळ्याच्या छातीवर लाल ठिपक्यांचा कागद मी चिकटवला, मॉनिटरवर प्रेशर पाडलं. सिस्टर म्हणाल्या, "सर, अंगावर गांधी उठल्यात." आणि आमचे डॉक्टरसाहेब दुसऱ्या हाताची शीर शोधत होते. मान वर न करता खेकसले, "थांबा हो, मधे बोलू नका!" सिस्टर गप्प. लस चालूच. ॲड्रेनॅलिनची अँप्युल हाताशी, ट्रेमध्ये. अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायला कितीसा वेळ लागतो? तुम्हाला चार मिनिटं लागली.

वर मला सांगता, "सर, टेन्शन आलं होतं." येणारच! माणूस घुसमटतोय आणि तुम्हाला टेन्शन आलं नाही, तर मला तुमचीच काळजी वाटेल. थोडा ताण हात चपळ करतो. पण तो वाढला की नजर एकाच ठिकाणी खिळते, शेजारचं बोलणं ऐकू येत नाही आणि वेळेचं भान सुटतं. हे हुशारातल्या हुशाराचंही होतं. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाची धडधाकट बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालायच्याच मागे लागले. गळ्याला छेद द्यायचं सामान नर्सनं आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. बाई गेली. तिथे ना सामान कमी होतं, ना माणसं.

आता खेकसण्याबद्दल. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या विभागातल्या २४ पथकांवर प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. काही पथकांना सरावाच्या वेळी पाहुण्या तज्ज्ञानं थोडं हिणवलं, शिवीगाळ नव्हे. तेवढ्यानं त्यांचं निदानही घसरलं, हातही घसरले. माणसं एकमेकांना माहिती देईनात, मदत मागेनात. म्हणजे डॉक्टर, तुम्ही सिस्टरांचं तोंड बंद केलं नाहीत, पेशंटचे डोळे झाकलेत.

मीही आता ओरडतोय, हे कुणाच्या तरी मनात आलंच असेल. येऊ द्या. पण ड्रिल चालू असताना मी चकार शब्द काढला नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि सिस्टर, तुम्हीही सुटला नाहीत. एकदा सांगितलं, ऐकलं नाही, संपलं? दुसऱ्यांदा नाव घेऊन सांगायचं: "डॉक्टर, रिॲक्शन आहे, मी लस थांबवतेय." आणि थांबवायची. आपल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला पोचलं की उघडतात, कुणाच्या परवानगीची वाट बघत नाहीत. गांधी, घरघर, पडलेलं प्रेशर ही तुमची पातळी.

डॉक्टर, पथकाच्या पुढाऱ्यानं सुई हातात धरायची नाही. पेशंटच्या पायाशी उभं राहायचं, काम नावानं सांगायचं. "कुणीतरी ॲड्रेनॅलिन भरा" म्हटलं की कुणीच भरत नाही. आज तेच झालं. ज्याला सांगितलं त्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, काम झालं की "दिलं" म्हणायचं. वेळ एकानं फळ्यावर लिहायची. आणि दर दोन मिनिटांनी सगळ्यांना विचारायचं, "माझं काय सुटतंय?" वॉर्डबॉयलाही. त्यानं लाज वाटू न देता सांगायचं.

इथून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात भोगावती नदी रस्त्यावर आली की १०८ ची गाडी कितीही दमाची असो, पेशंट तुमच्याच हातात राहणार. तिथे वर कुणाला विचारायला जाल?

सगळ्यांना नापास केलंय, डॉक्टरांसकट. उद्या सकाळी नऊला हीच केस परत. पुढारी सिस्टर असतील, डॉक्टर औषधं भरतील आणि नातेवाईक म्हणून दारात मी आरडाओरडा करणार आहे. तयारीनं या.