पदवीची किंमत आणि फर्ज़-ए-किफाया

२०१५ साली उत्तर प्रदेशच्या सचिवालयात शिपायाच्या ३६८ जागा निघाल्या. अट होती पाचवी उत्तीर्ण असण्याची आणि सायकल चालवता येण्याची. अर्ज आले तेवीस लाखांच्या घरात. त्यांत अडीचशेहून अधिक पीएच.डी.धारक. आपले राज्यही वेगळे नाही. मंत्रालयाच्या उपाहारगृहातील वाढप्यांच्या १३ जागांसाठी सुमारे सात हजार अर्ज आले आणि निवड झालेले बहुतेक पदवीधर निघाले, ही बातमी २०१९ची. तेथे अट चौथीची होती.

अशा बातम्या ऐकून अनेक घरांत निष्कर्ष निघतो, की शिकून तरी काय मिळणार? मुलगा नववीतून गॅरेजवर जातो. मुलीचे शिक्षण त्याहीआधी थांबते. हा निष्कर्ष तपासणे आवश्यक आहे, कारण त्याचे मोल एक अख्खी पिढी चुकवते.

अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम सांगतात. शेतात खताचे पहिले पोते पडले की पीक जोमाने वाढते; पाचव्याने फारसे काही होत नाही. पदवीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती दोन कामे करते: माणसाला काही शिकविते आणि त्याला इतरांहून वेगळे दाखविते. दुसरे काम शेजाऱ्याच्या हाती तीच पदवी येईपर्यंतच चालते. आणि जेथे तास होत नाहीत, गाइड पाठ करून परीक्षा दिली जाते, तेथे पहिले काम झालेलेच नसते. बाजारात स्वस्त झाली आहे ती अशी पदवी.

इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'च्या ज्ञानविषयक प्रकरणात नऊशे वर्षांपूर्वी जवळपास हेच दुखणे ओळखले होते. काही ज्ञान प्रत्येकावर फर्ज़ आहे. काही फर्ज़-ए-किफाया, म्हणजे पुरेशा लोकांनी ते पार पाडले की बाकीचे मोकळे, आणि कुणीच पाडले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार. या दुसऱ्या वर्गात त्यांनी वैद्यक आणि हिशेब धरले, तसेच शेती, विणकाम आणि शिवणकामही. मग ते खेद व्यक्त करतात, की कित्येक शहरांत एकही मुस्लिम वैद्य नाही आणि लोक मात्र फिक़्हकडे, त्यातही वादविवादाकडे धावत आहेत. कारणही ते स्पष्ट सांगतात. वैद्यकातून काज़ीपद मिळत नाही, वक्फची व अनाथांच्या मालमत्तेची व्यवस्था हाती येत नाही.

विचार करा, येथे घटत्या फलाचा नियम शरीअतच्या भाषेत आला आहे. गरज भागल्यावर आलेला शंभरावा फ़क़ीह वस्तीच्या जबाबदारीत काहीच भर घालीत नाही. पहिला वैद्य मात्र सर्वांची मान सोडवितो. ज्ञान तेच, कष्टही तेवढेच. फरक गरजेचा आहे. मग शाखा निवडताना आपण काय विचारतो? शेजारच्या मुलाने कोठे प्रवेश घेतला, हेच ना! आपल्या मोहल्ल्यात स्त्री-डॉक्टर आहे का, उर्दू शाळेत गणित नीट शिकविणारे कुणी आहे का, हे प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत क्वचितच ऐकू येतात.

एक सावधगिरी मात्र हवी. 'पदवीत काही नाही' असे व्यासपीठावरून सांगणारे स्वतःची मुले महाविद्यालयातच पाठवितात. राज्यसेवेच्या परीक्षेचे दार आजही पदवीशिवाय उघडत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले, की मुस्लिमांतील पदवीधरांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच कमी आहे. ज्या घरात अजून कुणीच पदवीधर नाही, तेथे खताचे पहिले पोतेदेखील पडलेले नाही. तेथील पहिली शिकलेली मुलगी न्यायालयाची नोटीस वाचते, औषधाची चिठ्ठी समजावून सांगते, धाकट्यांचा अभ्यास घेते. हे फळ बाजारभावाने घटत नाही.

प्रश्न आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या पदवीचा: नोकरी लागत नाही म्हणून घेतलेल्या, आईचे दागिने मोडून किंवा व्याजाचे कर्ज काढून घेतलेल्या. व्याजाबाबत अल्लाहचा आदेश आपणांस ठाऊक आहे. तरीही विवाहाच्या बोलणीत नावापुढे आणखी दोन अक्षरे दिसावीत म्हणून किती घरे हे ओझे उचलतात, हे आपल्याच नातलगांत मोजून पाहा.