पुन्हा एकदा हात ठेव

प्रभू येशू, बेथसैदाच्या त्या आंधळ्या माणसाची गोष्ट एकट्या मार्कनेच लिहून ठेवली आहे. मत्तय आणि लूक यांनी मार्कमधलं कितीतरी घेतलं, ही मात्र घेतली नाही. का, ते त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, त्यांना ती थोडी अडचणीची वाटली असावी. तू हात ठेवलास आणि माणूस अर्धाच बरा झाला, हे लिहायला कुणाचं मन धजेल? मार्कचं धजलं. म्हणून आज आधी मार्कसाठी तुझे आभार मानते.

लोकांनी त्याला तुझ्याकडे आणलं आणि याला नुसता स्पर्श कर म्हणून गळ घातली. तो स्वतः काहीच बोलला नव्हता. तू त्याचा हात धरलास आणि त्याला चालवत गावाबाहेर नेलंस. मार्कने हे एका ओळीत उरकलं आहे, पण आंधळ्या माणसाला नेणाऱ्याला त्याच्याच पावलांनी चालावं लागतं. खड्डा आला की थांबायचं, चढ आला की सांगायचं. गालील सरोवराचा तो उत्तर काठ म्हणजे काळ्या बसाल्टचा मुलूख, आमच्या सह्याद्रीसारखाच. तिथे वाट सरळ कुठली! ज्याच्या एका शब्दाने शताधिपतीचा चाकर घरबसल्या बरा झाला, तो तू इथे एका माणसाचं बोट धरून ठेचा चुकवत चालला होतास. दुखणं बरं व्हायच्या आधीचं हे चालणंही तुझंच काम होतं, हे मला विसरू देऊ नकोस.

मग तू त्याच्या डोळ्यांवर थुंकलास. आम्हाला हे वाचताना अवघडायला होतं, पण त्या काळी थुंकी औषधी मानत. रोमन लेखक प्लिनीनेही डोळ्यांच्या दुखण्यावर तिचा उपाय नोंदवून ठेवला आहे. म्हणजे घरोघरी आयाबाया करत असतील तेच तू केलंस. तुला औषधाचं वावडं नव्हतं. आमच्यातल्या ज्यांना गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं वाटतं, जे प्रार्थनेनंतर इन्सुलिन बंद करायला सांगतात, त्यांना हे ठिकाण उघडून दाखव.

आणि मग तू त्याला विचारलंस, काही दिसतंय का. प्रभू, बरं केल्यावर असं विचारलेलं मला चारही शुभवर्तमानांत दुसरीकडे सापडत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टी काढून डॉक्टर बोटं नाचवत विचारतात, तसं तू विचारलंस. त्याने जे होतं ते सांगितलं. माणसं दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी दिसतात. (ती माणसं कोण असतील? गाव तर मागे राहिलं होतं. बहुधा तुझे शिष्यच. पेत्र त्याला कोणतं झाड वाटला असेल, या विचाराने मला दर वेळी हसू येतं, त्याची क्षमा असावी.)

त्याच्या त्या उत्तरासाठी मी आज गुडघे टेकले आहेत. समोर तू होतास. आणणारी माणसं आशेने बघत असतील. हो, दिसतंय, असं म्हणून टाकणं किती सोपं होतं! आंधळ्याला उजेड दिसू लागला हेच केवढं मोठं, त्यात आणखी कुरकुर कशाला, असं आमच्यापैकी कुणीही म्हटलं असतं. तो तुला खूश करायला गेला नाही. तुझी लाज राखायलाही गेला नाही. तुझी लाज त्याने राखावी अशी ती नाहीच, हे त्याला आमच्याआधी कळलं.

तुला माझा दादा माहीत आहे. पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा सगळी मंडळी उपवास करून बसली होती आणि तू त्याला आम्हाला परत दिलास. हात हलतो, काठी घेऊन चालतो. पण शब्द त्याच्या हाती लागत नाहीत. पाणी हवं असलं की पंखा म्हणतो. वहिनी पंखा लावते, तो मान हलवतो, पुन्हा पंखाच म्हणतो, आणि मग ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसतो. रविवारी उपासनेनंतर लोक त्याच्याभोवती जमतात. बरं वाटतंय ना आता, असं विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यातच उत्तर असतं. वहिनी म्हणते, हो, प्रभूची कृपा. कुणीतरी साक्ष द्यायला उभं राहायला सांगतं. ज्याला पाणी म्हणता येत नाही त्याला!

वहिनीला खोटं बोलायचं नसतं, प्रभू. अजून काही मागितलं तर मिळालेलंही जाईल, अशी तिला धास्ती आहे. तिच्या मनातून ती काढून टाक. अर्धं दिसतंय असं सांगणाऱ्यावर तू रागावला नाहीस. विश्वास कमी पडला असंही म्हणाला नाहीस. तू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवलास, आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं. आमचे काही सेवक म्हणतात, दुसऱ्यांदा हात ठेवावा लागला तो त्या माणसाच्या अविश्वासामुळे. मार्कमध्ये असं एक अक्षर नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाची मापं काढणाऱ्यांना, दयाळू प्रभू, थोडा वेळ गप्प बसव.

शिवाय त्या दिवशी अर्धवट दिसत होतं ते काय त्या एकट्याला? थोड्याच वेळापूर्वी मचव्यात बारा जण एकच भाकर सोबत आहे म्हणून चिंता करत बसले होते. पाच भाकरींवर 5,000 आणि सात भाकरींवर 4,000 माणसं जेवलेली त्यांनी पाहिली होती, उरलेल्या टोपल्या त्यांनीच उचलल्या होत्या. डोळे असून दिसत नाही का, असं तुला त्यांना म्हणावं लागलं. आणि या गोष्टीला लागूनच पेत्र येतो, तोही मूळचा बेथसैदाचाच. हेर्मोनच्या पायथ्याशी, कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर त्याने तुला ख्रिस्त म्हणून ओळखलं, आणि तू मरणाचं बोललास तसा तुलाच बाजूला घेऊन दटावू लागला. तू त्याला सैतान म्हणालास, पण टाकलं नाहीस. त्याच्या डोळ्यांवर दुसऱ्यांदा हात ठेवायला तुला गालीलपासून यरुशलेमपर्यंत, मुख्य याजकाच्या अंगणात त्याने तुला नाकारलं त्या रात्रीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जावं लागलं.

यरीहोच्या बार्तीमयाला मात्र तू एका शब्दात दृष्टी दिलीस. एकाला तत्काळ, एकाला दोनदा, असं का, ते मी विचारणार आहे, आणि तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध मुली-बायकांना आसरा दिला. त्यांच्या घराला नाव आहे बार्तीमी सदन. तिथल्या बायकांचे डोळे उघडले नाहीत. त्या बोटांनी वाचायला शिकल्या, कामं शिकल्या, गायल्या. त्या सदनाच्या नावात किती जणींनी मनातल्या मनात तुझ्याशी भांडण मांडलं असेल, ते तुलाच ठाऊक. त्यांच्या आयुष्याला अर्धं म्हणायची माझी हिंमत नाही. आणि दादाचे शब्द परत आलेच नाहीत, तर त्यालाही अर्धा माणूस म्हणू देऊ नकोस, मला नाही आणि मंडळीलाही नाही.

तरीही मी मागणार. त्या माणसाने सांगितलं तसं सांगून मागणार. प्रभू, पाय चालतात, हात उचलतो, तुझे उपकार आहेत. शब्द अजून झाडांसारखे चालतात. पुन्हा एकदा हात ठेव.

बऱ्या झालेल्या त्या माणसाला तू घरी पाठवलंस, गावात जाऊ नको म्हणालास. वहिनीलाही तेवढी मोकळीक दे. कुणी विचारलं तर तिला दोन्ही सांगता येऊ दे, आलेलं आणि न आलेलं.

उद्या सकाळी दादाला स्पीच थेरपीला न्यायचं आहे. त्या बाई तुला मानणाऱ्या नाहीत, पण हात धरून चालवणं त्यांना येतं. त्या चित्रांची कार्डं एकेक करून समोर धरतील, पेला, खुर्ची, गाय, आणि हे काय आहे म्हणून विचारतील. दादाचं चुकलं तर त्याला रडू येऊ देऊ नकोस, आणि आलंच तर त्या बाईंना कार्ड खाली ठेवायची बुद्धी दे. आणि प्रभू, पेल्याच्या चित्रात पाणी काढलेलं असतं. तो शब्द त्याला दे. तुझ्याच नावाने मागते. आमेन.