छबीची साक्ष

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या भंडाऱ्याकडच्या खेड्यांत गायगोधन असते. गोवारी बांधव गाईंची शिंगे रंगवतात, त्यांना सजवतात, आणि वाजतगाजत गावातून नेतात. गुरांबरोबर गुराख्याचाही तो सण असतो. गेल्या पाडव्याला माझा नातू नागपुराहून आला होता. रंगवलेल्या गाईपुढे मोबाईल धरून तो गाईशेजारच्या म्हाताऱ्या गोवाऱ्याला म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना." म्हातारा हसत बाजूला झाला. मी विचारले, "का रे हलवलेस त्यांना?" तर म्हणाला, "आजोबा, मध्ये माणूस आला की फोटो बिघडतो."

त्याला रागावण्याचा अधिकार मला नव्हता. असाच एक माणूस एकदा मीही चौकटीबाहेर काढला होता, आणि तो असा हसत बाजूला झालेला नव्हता.

ही गोष्ट 1988 सालची. त्या वेळी मी भंडाऱ्यात शिक्षक होतो आणि फोटोग्राफीचा छंद मला नुकताच जडला होता. जुना याशिका कॅमेरा होता, एका रोलात बारा फोटो निघत. पगार बेताचा, त्यामुळे प्रत्येक फोटो रुपयासारखा जपून खर्चावा लागे. आश्विनात गावाबाहेरच्या मैदानावर सर्कस उतरली आणि पाठोपाठ अवेळी पाऊस उतरला. तीन दिवस खेळ नाही, म्हणजे तीन दिवस गल्ला नाही. शाळा सुटल्यावर मी छत्री घेऊन तंबूच्या मागच्या बाजूला गेलो.

तिथे चिखलात चाके रुतलेला एक पिंजरा होता आणि आत म्हातारा सिंह. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आयाळ ओली, तोंडाशी माशा. पिंजऱ्यापुढे पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस हातात लांब लोखंडी आकडी घेऊन उभा होता. आकडी गजांतून आत गेली, सिंहाने जबडा वासला, आणि मी कळ दाबली. फोटो चांगला येणार हे त्याच क्षणी कळले. छंदिष्टाला असा क्षण वर्षातून एकदाच लाभतो.

मग बोलणे झाले. माणूस तासगावाकडचा. त्या बाजूला सर्कशीचे वेड जुनेच आहे. 1880 साली मराठी सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे सांगलीकडचेच. म्हैसाळच्या देवलांची आणि तासगावच्या परशुराम माळ्यांची सर्कसही त्याच मातीतली. हा मामा पोरवयात घरातून पळून सर्कशीत आला होता. आकडीने तो सिंहाला मारीत नव्हता, आतले भिजलेले गवत ओढून काढीत होता. स्वतःच्या अंथरुणावरची ताडपत्री त्याने पिंजऱ्याच्या टपावर घातली होती आणि रात्री तो पिंजऱ्याच्या गाडीखाली निजत होता. मटण उधारीवर निम्मेच येत होते. मी आपला मास्तरी प्रश्न केला, "मामा, तुम्ही ह्याला मारता का हो?"

"मारतोय की," तो म्हणाला. "न मारता जाळाच्या कड्यातनं कोण उडी घेतंय, मास्तर? त्यो मला भितोय, मी मालकाला भितोय. पर आज न्हाय मारलं."

रोलातला शेवटचा, बारावा फोटो मी त्याच्या सांगण्यावरून काढला. पिंजऱ्याला टेकून तो बसला आहे आणि गजांमागे, त्याच्या खांद्याशी, सिंहाचे डोके आहे. दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि दोघेही सारखेच दमलेले. "एक कापी पाठवा, घरी लावीन," असे म्हणून त्याने गावाचा पत्ता सांगितला.

नागपूरच्या एका दैनिकाला मी पहिला फोटो पाठवला. तोही कडेने कापून. माणसाचा चेहरा काढून टाकला आणि नुसता हात, आकडी, बरगड्या व वासलेला जबडा एवढेच ठेवले. तसा तो अधिक परिणामकारक वाटला. खाली संपादकांनी क्रौर्यावर दोन ओळी घातल्या. गावात खळबळ झाली, पत्रे गेली, कोणी अधिकारी येऊन पाहून गेले. मालकाने तत्परता दाखवली आणि आकडीवाल्या माणसाला त्याच दिवशी काढून टाकले. आठवड्याने मी गेलो तेव्हा तंबूतल्या एका पोराने मला हे सांगितले. सिंह त्याच पिंजऱ्यातून पुढच्या गावी निघाला होता. टपावर ताडपत्री नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडीत नाही. त्या फोटोत खोटे काय होते? बरगड्या खऱ्या, पिंजरा खरा, आकडी खरी. तो माणूस सिंहाला मारीत असे, हेही त्याने स्वतःच कबूल केले होते. तरीही ती साक्ष खोटी होती, असे मला मनोमन वाटते. न्यायालयात साक्षीदाराला उलटतपासणी असते, फोटोला ती नसते. फोटो एका क्षणाबद्दल बोलतो आणि पाहणारा तो साऱ्या आयुष्याबद्दल ऐकतो. माझ्या फोटोतून मालक, गल्ला, पाऊस गळाले. आणि सर्वांत सोयीचे म्हणजे, तिकीट काढून टाळ्या वाजवणारे आम्ही भंडारेकर गळालो. उरला एक हात. त्या हातावर सगळ्यांना मनमुराद रागावता आले.

असे फोटो काढूच नयेत, हे मात्र मला पटत नाही. काबूलच्या प्राणिसंग्रहालयातला हातबॉम्बने आंधळा झालेला मर्जान सिंह 2001 साली छायाचित्रांतून जगाला दिसला, म्हणूनच तिथे दूरदूरच्या देशांतून मदत पोचली. आपल्याकडेही लोकांच्या डोळ्यांपुढे ही दुःखे आली नसती तर कायदा हलला नसता. 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. सिंहवाघांसाठी बंगळूर, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी केंद्रे उभी राहिली. फार चांगले झाले. पण त्यांच्या जोडीने तंबूबाहेर पडलेल्या माणसांसाठी कुठे केंद्र निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांचे फोटो कोणी काढले नव्हते ना!

मेरी एलन मार्क या अमेरिकन बाईंनी काढले. भारतातल्या सर्कशींतून त्या हिंडल्या. 1990 साली अहमदाबादेत घेतलेले त्यांचे एक चित्र पुस्तकात पाहून मी कितीतरी वेळ पान उलटले नाही. राम प्रकाश सिंग नावाचा माणूस आणि त्याची श्यामा हत्तीण. हत्तिणीची सोंड त्याच्या गळ्याभोवती उपरण्यासारखी पडली आहे. ते प्रेम म्हणावे की धाक, चित्र काही सांगत नाही. दोघांनाही नाव आहे, दोघांनाही चेहरा आहे, आणि निकाल कोणी दिलेला नाही. असे चित्र पाहून कुणाला लगेच रागावताही येत नाही, आणि म्हणून ते वर्तमानपत्राच्या फारसे कामाचे नाही, असे माझ्यातला जुना हौशी माणूस अजूनही म्हणतो.

आता सर्कशीतले सिंह गेले आणि लोक कॅमेरे घेऊन जंगलात जातात. आमच्या पवनीच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. 2024 च्या 31 डिसेंबरला तिथे एका वाघिणीला तिच्या पिलांसह पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले. मोकळ्या जनावराभोवती गाड्यांचा पिंजराच झाला म्हणायचा. त्याची दृश्ये पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, आणि गाड्यांचे चालक व वाटाडे निलंबित झाले. झाले ते योग्यच. तरी ती बातमी वाचताना मला तो आकडीवाला हात दिसला. गाडी पुढे घे, अजून पुढे घे, असे मागच्या बाकावरून सांगणारे लोक त्या दृश्यांत किती दिसले असतील?

नातवाला मी यातले काही सांगितले, सगळे नाही. तो उठला, त्या गोवाऱ्याला शोधून त्याने पुन्हा गाईशेजारी उभे केले, आणि नाव विचारून घेतले. फोटो आधीच्याइतका सुबक आला नाही; म्हाताऱ्याने डोळे मिटले होते.

बारावा फोटो माझ्या टेबलाच्या खणात आहे. कापी मी त्याच महिन्यात काढली होती, पण नोकरी गेलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने पाठवावी हे ठरेना. मग दिवाळी आली, मग परीक्षा आल्या. मागे पेन्सिलीने लिहिलेला पत्ता अजून वाचता येतो.